जीपवाल्या मॅडम आणि दुसरी खेप

आमच्या मॅडम दातांच्या डॉक्टर होत्या, पण त्यांचा विश्वास गुडघ्यांवर होता. नारायणगावहून पिंपळवंडीकडे जाणाऱ्या शेअर जीपमध्ये मागं समोरासमोर दोन बाक असतात. माणसं दाटीनं बसली की गुडघ्याला गुडघा लागतो. "गुडघा लागला की माणूस बोलतो," असं त्यांचं म्हणणं. "खुर्चीत आडवा केला की नुसता आ करतो." ड्रायव्हर कितीही "म्याडम, पुढं या राव, पुढं जागा हाय" म्हणाला तरी त्या पुढं बसत नसत. पदर खोचून, सामानाची पिशवी मांडीवर घेऊन मागं शिरायच्या आणि आम्हा विद्यार्थ्यांना एकेक करून अनोळखी माणसांच्या मधे कोंबायच्या. दोन विद्यार्थी शेजारी बसलेले त्यांना खपत नसे. "आपसांत गप्पा मारायला कॉलेज आहे," म्हणायच्या.

आमचं डेंटल कॉलेज पुण्यात. गावाकडच्या माणसांवर उपचार करायला शिकावं म्हणून शेवटच्या वर्षाची मुलं आणि इंटर्न पाळीपाळीनं पिंपळवंडीच्या केंद्रावर जात. पोस्टिंगच्या दिवसांत मुक्काम नारायणगावात. केंद्र म्हणजे दूध डेअरीला लागून दोन खोल्या आणि दोन खुर्च्या. त्यातली एक खुर्ची पेशंट बसला की हळूहळू आपोआप खाली जायची. दात कोरता कोरता आपणही वाकत जायचो आणि शेवटी गुडघ्यावर यायचो. ह्या सगळ्याच्या प्रमुख मॅडम. 'जीपवाल्या मॅडम' हे नाव आधी कुणीतरी टिंगलीनं पाडलं. पुढं त्या स्वतःच फोनवर "मी जीपवाली बोलतेय" म्हणायला लागल्या, तेव्हा टिंगल संपली.

मी मुळात कमी बोलणारा. मॅडमबद्दल लिही असं अनेकांनी सुचवलं, मी टाळलं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही थोडं लिहावं लागणार होतं, आणि ते सोयीचं नव्हतं. आता लिहितो.

माझा केंद्रावरचा पहिला आठवडा मला स्वच्छ आठवतो. परीक्षेला बसायचं तर ठरावीक आकड्याइतके दात काढलेले दाखवावे लागत. त्याला आम्ही कोटा म्हणायचो. पुण्यात त्यासाठी पेशंटची वाट बघत बसावं लागे आणि इथं माणसं रांग लावून "काडून टाका" म्हणत होती. आठवडाअखेरीच्या संध्याकाळी डेअरीसमोरच्या टपरीवर चहा घेताना मी माझा पराक्रम सांगितला. मॅडमनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली.

"छान. आणि परत कोण आलं?"

"म्हणजे?"

"दुसऱ्या खेपेला तुझ्याकडे कोण आलं? काढलेला दात परत येत नाही, तो सोडून सांग."

कुणीच आलं नव्हतं. दात काढायला एक खेप पुरते, वाचवायला दोन-तीन लागतात. रूट कॅनलच्या पहिल्या खेपेला कळ थांबते, आणि कळ थांबली की माणूस यायचाही थांबतो. मग आम्ही म्हणायचो, ह्या लोकांना दाताची किंमतच नाही. असं म्हणणाऱ्यावर मॅडम चिडत नसत. त्याला संध्याकाळी पेशंटबरोबर परतीच्या जीपमध्ये बसवून द्यायच्या. "त्यांच्याबरोबर उतर, घरापर्यंत चाल आणि परत ये. मग मत दे."

माझा मित्र शिरीष असाच गेला होता, पण एकटा. हिराबाई नावाच्या एका बाईंना त्यानं दुपारी चारची वेळ दिली होती आणि त्या आल्या नव्हत्या. तो त्यांच्या मळ्यापर्यंत गेला. रस्त्यापासून आत, दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस. त्याला दारात बघून हिराबाई म्हणाल्या, "डाक्टर, चारला तुमच्याम्होरं आ करून बसले तर घरी कवा येऊ? उसात बिबट्या हाय. तुमाला आत्ता येताना नाय दिसला?" शिरीषला बिबट्या दिसला नव्हता, पण परतीच्या वाटेवर त्याला दर वळणाला दिसत होता. हिराबाईंच्या मुलानं मोटारसायकलवर रस्त्याला आणून सोडला तेव्हा कुठं त्याचा रंग परत आला. त्या दिवसापासून मळ्यातल्या माणसांना सकाळची वेळ आणि गावातल्यांना दुपारची, असा नियमच झाला.

पुढं कळलं की सकाळ-दुपारनंही भागत नाही. शेतपंपाला एक आठवडा दिवसाची लाईट आणि एक आठवडा रात्रीची. दिवसाच्या लाईटीत कुणी मोटार सोडून दाताला येणार नाही, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात पिकाला पाणी भरत जागलेला माणूस सकाळी खुर्चीत घोरायला लागतो. टोमॅटोचा तोडा असला की बायका नाहीत. आमच्या पोस्टिंगच्या तारखा मॅडम पंचांग बघितल्यासारख्या लाईट, तोडा आणि बाजार बघून लावायच्या. हे सगळं त्यांना जीपमध्ये कळलेलं असायचं. त्या स्वतः आंबेगाव तालुक्यातल्या पेठच्या, पण इकडच्या शेतीतलं मला सगळं कळतं असा आव त्यांनी कधी आणला नाही. जीपमध्ये विचारायच्या मात्र इतकं की एकदा एक म्हातारे म्हणाले, "बाई, तुमी डाक्टर हाय का तलाठी?"

ह्याच हिराबाईंनी शिरीषला आणखी एकदा उभा कापला. त्यांच्या हिरड्या मिश्रीनं काळ्या पडलेल्या. शिरीषनं चित्रं दाखवून, तंबाखू किती वाईट आहे ह्यावर खोलीतल्या सगळ्या बायकांसमोर भाषण केलं. हिराबाईंनी ते पदर तोंडाला लावून शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "समदं खरं. पर मिश्री सोडल्याव पोट कशानं साफ व्हायचं? त्याची गोळी द्या, मी आजच सोडते." बायका फसकन हसल्या. सगळ्यात जास्त मॅडम हसल्या. मग शिरीषला म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. आता उत्तर शोधून आण." तो खरोखर पुस्तकं उघडून बसला, ओळखीच्या डॉक्टरांना विचारून आला, आणि पुढच्या खेपेला हिराबाईंना तोंड स्वच्छ कसं ठेवायचं ह्याऐवजी पोट साफ कसं ठेवायचं ते सांगत बसला. काही दिवसांनी हिराबाईंनी निरोप दिला की दुपारची मिश्री सुटली, सकाळची राहिलीय. आमच्या बॅचमध्ये शिरीषची थट्टा फार झाली. आज तो मोठा दवाखाना चालवतो, आणि मिश्रीवाल्या बाईला पहिला प्रश्न अजून तोच विचारतो.

पण 'परत कोण आलं' हे मॅडमचं वेड आंधळं नव्हतं. एकदा एक मेंढपाळ आला. गाल सुजलेला नव्हता, पण दाढेनं त्याची झोप उडवली होती. मेंढरं डेअरीसमोर रस्त्यावर, बायको त्यांना आवरत उभी, मागं एक जीप हॉर्न वाजवतेय. मी केस घेतली आणि नेहमीप्रमाणं पुढची तारीख द्यायला लागलो. तो म्हणाला, "उद्या मेंढरांचा वाडा पुढं जानार. पुना हिकडं पावसाळ्याच्या तोंडाला."

मॅडम मागं उभ्या होत्या. "ऐकलंस ना? हा दुसऱ्या खेपेला येणार नाही. आधी माणसाचं ठरव, मग दाताचं. मुळाशी पू नाही, दाढ वाचण्यासारखी आहे. बस, आणि एका बैठकीत संपव."

जेवणाची वेळ टळून गेली, खुर्ची खाली खाली जात राहिली, मी गुडघ्यावर आलो, पण दाढेचं काम संपलं. उठताना तो म्हणाला, "पुना यायचं नाय ना? लई बरं झालं." आणि पावसाळ्याच्या तोंडाला, मी इंटर्न म्हणून पुन्हा पोस्टिंगला असताना, तोच माणूस दारात उभा. मी खुर्चीकडं बोट केलं. वाटलं, दाढ बिघडली. त्यानं दारातच आ केला. "काय नाय पावणं, ह्या वाटंनं चाललो व्हतो, म्हनलं दाखवून जावं." मॅडमनी त्या संध्याकाळी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

संध्याकाळचा तो चहा म्हणजे त्यांचा खरा तास. प्रत्येकानं पोस्टिंगबद्दल आपलं मत सांगायचं. "खरं बोला. खरं बोललात म्हणून मार्क कापणार नाही, गोड बोललात तर कापीन." मग मुलं बोलायची. एक म्हणे, पुण्यात वर्षभरात चालला नाही तेवढा हात इथं चालला. दुसरी म्हणे, हा सगळा वेळ वाया, इथलं पुढं काहीच उपयोगाला येणार नाही. कुणी खारट पाण्याबद्दल कुरकुरायचं. एक मुलगी एकदा म्हणाली, "मॅडम, मला इथं भीती वाटते. चुकलं तर विचारायला शेजारी कुणी नसतं." मॅडम म्हणाल्या, "ती भीती जपून पुण्याला ने. तिकडे सगळे फार बिनधास्त झालेत." तक्रार करणाऱ्यांवर त्यांचा जीव जास्त होता, हे आम्हाला उशिरा कळलं.

माझी पाळी आली की मी म्हणायचो, "बरं आहे."

"'बरं आहे' हे मत नाही रे. हा नुसता रामराम आहे."

मी हसायचो आणि पेले गोळा करायचो. मत होतं. तिथं मी फार सुखात होतो. सकाळी डेअरीत कॅनचा आवाज सुरू झाला की मला आपण उपयोगाचे आहोत असं वाटायचं, ते पुण्यात कधी वाटलं नाही. पण हे चार माणसांत कसं बोलायचं?

पुढं मी सामाजिक दंतवैद्यक ह्या विषयात शिकलो आणि कॉलेजात मॅडमच्याच हाताखाली लागलो. त्या निवृत्त झाल्या, पेठला भावाच्या घराशेजारी छोटंसं घर बांधून राहिल्या, आणि पोस्टिंग माझ्याकडं आलं. काही महिने मी मुलांना जीपनं नेलं. मग मिनीबस ठरवली. एसीची.

कारणं सांगायला भरपूर होती. पालकांच्या तक्रारी, सामान, उन्हाळा, माझी कंबर. सगळी थोडी थोडी खरी होती. खरं कारण असं, की अनोळखी माणसाचा गुडघा लागला की मला बोलता येत नाही. मॅडम होत्या तोवर त्या बोलायच्या आणि मी त्यांच्या आडोशाला बसायचो. आडोसा गेला, तसा मी काचा बंद करून घेतल्या.

त्याहून वाईट पुढंच आहे. मॅडम दर रविवारी फोन करायच्या, आणि पहिला प्रश्न, "काय रे, ह्या आठवड्यात जीपमध्ये कोण भेटलं?" मिनीबस आल्यावर पहिल्यांदा मी गांगरलो आणि म्हणालो, "एक टोमॅटोवाला." "काय म्हणत होता?" मग मला टोमॅटोवाल्याला बोलतं करावं लागलं. पुढच्या रविवारी एक नणंद-भावजय झाली. मग एक सोसायटीतला कारकून, मग नातवाला लसीला नेणारी आजी. मी त्यांना दाढदुख्या दिल्या, लग्नं दिली, सुनांची गाऱ्हाणी दिली. चहाच्या टपरीवर एक वाक्य न बोलणारा मी, फोनवर अख्खी जीप भरून द्यायचो. मॅडम मनापासून ऐकायच्या. फोन ठेवला की मला जेवण जात नसे.

मिनीबस आली तशी दुसरी खेप आटली. मुलं काचेआडून उतरायची, दात काढायची, काचेआड चढायची. तारखा मोबाइलमध्ये बघून दिल्या जायच्या, लाईट बघून नव्हे. शेवटी कॉलेजनं विचारलं ते चूक नव्हतं: तिथं नुसते दातच काढायचे असतील तर मुक्कामी पोस्टिंग कशाला? वर्षातून एखादं शिबिर घेऊ, दात काढू, टूथपेस्ट वाटू, संध्याकाळी परत. निर्णयाआधी विद्यार्थ्यांची मतं घ्यायची ठरली. मी मुलांना बसवून विचारलं. सानिका नावाची इंटर्न, सरळ बोलणारी, म्हणाली, "सर, मी इथं दात काढणारं यंत्र झालेय. केंद्र बंद केलं तर मला वाईट वाटणार नाही, आणि वाटत नाही ह्याचंच वाईट वाटतं." मॅडम असत्या तर तिच्यासाठी भजी मागवली असती. मी म्हणालो, "बरं."

त्याच आठवड्यात मॅडम केंद्रावर आल्या.

मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो तर सानिकाच्या खुर्चीत एक आजी, साधं लुगडं, डोक्यावर पदर. खुर्ची खाली चाललेली. आजींनी माझ्याकडे बघितलं आणि सानिकाच्या नकळत ओठांवर बोट ठेवलं. खिडकीबाहेर मिनीबस उभी होती, इतकी पांढरी की डोळ्यांत भरावी. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

"काडून टाक ना बाई," मॅडम ठेवणीतल्या पेठच्या बोलीत म्हणत होत्या, "मला कुटं पुना येनं व्हतंय."

"नाही आजी, दाढ वाचेल," सानिका म्हणाली. तिनं नीट भूल दिली, दाढ उघडली, औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं. काम स्वच्छ होतं. मग मोबाइल बघून म्हणाली, "पुढच्या गुरुवारी, चार वाजता."

"बरं," मॅडम म्हणाल्या. आणि चपला घालायला दाराबाहेर गेल्या.

मला वाटलं, संपलं सगळं. मॅडमनी बस बघितली, चारची वेळ ऐकली, आता रविवारी फोन येणार नाही. तेवढ्यात हातमोजे उतरवता उतरवता सानिका थबकली.

"सर, त्या आजी परत येणार नाहीत."

"कशावरून?"

"'बरं' म्हणाल्या. ज्यांना यायचं असतं ते भांडतात. गुरुवार नको, शुक्रवार द्या, सकाळी घ्या, असं. नुसतं 'बरं' म्हणणारे कुणीच येत नाहीत सर. मी पोस्टिंगभर बघतेय."

आणि ती पळाली. मी मागोमाग. रस्त्यावर जीप भरायची वाट बघत उभी होती. सानिका ॲप्रनसकट मागं चढली, मॅडमच्या समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागलेला मी बघितला.

"आजी, तुम्ही राहता कुठं? येता कशा?"

"पेठला. तिथनं नारायणगाव, मंग ही जीप."

"मग चारला बोलावलं तर अंधार होईल ना! तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं नाय ना."

"आता विचारतेय. भांडा माझ्याशी, कधी जमेल ते सांगा."

मॅडमचा पदर डोक्यावरून घसरला आणि त्या आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "'बरं' म्हणणारे येत नाहीत, हे तुला कुणी शिकवलं?"

सानिका गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तिनं खोलीत बोललेलं वाक्य उघड्या दारातून चपला घालताना मॅडमनी ऐकलं होतं. "कुणी नाही," ती म्हणाली.

"मलाही कुणी शिकवलं नव्हतं. एवढी वर्षं जीपमध्ये बसले, पण हे माझ्या लक्षात आलं नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. मी जीपच्या मागं, फळीला धरून उभा. आता माझ्यावर बोलणं येणार, असं वाटलं, आणि आलं, पण मी ज्याची तयारी केली होती ते नव्हे.

"तुझ्या जीपमधली माणसं फार छान बोलतात रे."

मी मिनीबसकडे बघायला लागलो.

"इतकी छान की मला पहिल्याच रविवारी कळलं. खऱ्या जीपमध्ये कुणी इतकं नीट बोलत नाही. निम्मं इंजिनात जातं."

"मग तुम्ही बोललात का नाही?"

"तू बोलत होतास म्हणून. एवढं तू आयुष्यात कधी बोलला नव्हतास." जीपमधल्या बाया हसायला लागल्या, कशाला ते त्यांना माहीत नसताना. "आता चढ. एक जागा आहे. आणि ह्या पोरीला पुढच्या खेपेला सकाळची वेळ द्यायला सांग, मी भांडतेय."

मी चढलो. मॅडम एका बाजूला, सानिका समोर, आणि माझ्या गुडघ्याला एका माणसाचा गुडघा. त्याच्या मांडीवर फ्लॉवरचं पोतं होतं. मी बराच वेळ शब्द जुळवले आणि शेवटी विचारलं, "तुमच्याकडं ह्या आठवड्याला लाईट दिवसाची का रात्रीची?" तो म्हणाला, "का? मोटार इकायची हाय का?"

मिनीबस मी दुसऱ्या दिवशी बंद केली. मुलं कुरकुरली, काहींची कुरकुर अजून चालू आहे, आणि मी ती चहाला बसून ऐकतो. दुसरी खेप हळूहळू वाढली, पूर्वीइतकी अजून नाही. कॉलेजकडं मुलांची मतं जशीच्या तशी गेली: हात चालतो, पाणी खारट, भीती वाटते, गुडघे दुखतात. सानिकानं त्यात भर घातली, "बंद केलं तर आता वाईट वाटेल." पोस्टिंग राहिलं. मलाही मत विचारलं होतं. मी 'बरं आहे' म्हटलं नाही. मी तिथं सुखात असतो, हे तोंडानं सांगितलं.

मॅडम भांडून ठरवलेल्या सकाळी दुसऱ्या खेपेला आल्या, मग तिसऱ्या. दाढेवर कॅप बसली. सानिकानं आरसा दाखवला, म्हणाली, "झालं मॅडम, आता परत यायची गरज नाही." मॅडमनी जीभ फिरवून बघितली. "असं झालं म्हणजे काम झालं," म्हणाल्या, आणि नारायणगावच्या जीपमध्ये मागं जाऊन बसल्या. ड्रायव्हर पुढं बोलावत होता.

आता वय झालं, त्या फारशा कुठं जात नाहीत. रविवारी फोन मात्र येतो. काय रे, जीपमध्ये कोण भेटलं? मी खरी माणसं सांगतो. ती फार नीट बोलत नाहीत, गोष्ट अर्धी सोडून मधेच उतरतात, निम्मं इंजिनात जातं. पुढं काय झालं ते मलाही माहीत नसतं. मॅडम म्हणतात, "मग पुढच्या रविवारी सांग," आणि मला त्यासाठी परत जावं लागतं.